आधी चेहरा

आमच्या भाऊजींनी जन्मभर एकच नियम पाळला: आधी चेहरा. वेळेवर जेवणं, पथ्य सांभाळणं, बायकोचं ऐकणं हे बाकीचे नियम त्यांनी जगासाठी ठेवले होते. त्या एका नियमावर त्यांनी संसार केला, मुलाला शिकवलं, आणि शेवटी त्याच नियमाने त्यांचं घर बुडालं. मी त्यांची मेहुणी. लग्न केलं नाही, शाळेत शिवणकाम शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ताईच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं. त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. रंगीत फोटोची पहिली प्रत निघाली की तिच्यात माणूस कधी हिरवट दिसायचा, कधी पिवळा, कधी उकडून काढल्यासारखा लाल. मग भाऊजी यंत्रापाशी बसून एकेक रंग कमीजास्त करायचे, आणि ते करताना नजर फक्त चेहऱ्यावर. मागचा पडदा, खुर्ची, अंगातला कोट यांचं काय वाट्टेल ते होऊ दे. गिऱ्हाईक पाकीट उघडतं आणि आधी स्वतःचं तोंड बघतं, तेच शेवटीही बघतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका नवरदेवाचा दुधी रंगाचा कोट चक्क निळसर छापला गेला. घरच्यांनी फोटो पाहिले आणि मुलगा काय उजळलाय म्हणून भाऊजींचे हात धरले. कोटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की भाऊजींनी तोंड उघडलं की ताई पुढचं वाक्य म्हणायची.

त्यांना एकच मुलगा. कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण लहानपणी फोटोला बसवला की हा हलायचा. ‘हलू नकोस, हलू नकोस’ असं ओरडून भाऊजींचा घसा बसायचा. त्यातला पहिला शब्द घराला चिकटला आणि पोराचं नाव हलू पडलं. दर वाढदिवसाला त्याचा फोटो निघे. त्याच्या चेहऱ्याचा रंग भाऊजींना तोंडपाठ होता. उन्हाळ्यातला वेगळा, तापातून उठल्यावरचा वेगळा, परीक्षेच्या दिवसांतला वेगळा. हे मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका.

पुढे लोक स्वतःचे फोटो स्वतःच काढायला लागले आणि स्टुडिओत माश्या मारायची वेळ आली. भाऊजींनी छपाईचं यंत्र त्यांच्या जुन्या मदतनिसाला देऊन टाकलं. हा माणूस केस पांढरे झाले तरी त्यांच्यापुढे खुर्चीवर बसत नसे, म्हणून मी त्याला शिष्योत्तम म्हणते. त्याने बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान थाटलं. लोकांच्या फोनमधले फोटो तो कागदावर, कपावर, उशीवर, म्हणाल त्यावर छापून देतो. भाऊजी घरी बसले. फोन हा शब्द ते सवतीचं नाव घ्यावं तसा घ्यायचे.

हलू लांबच्या शहरात नोकरीला होता. आगगाडीने जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. तिथे एका खोलीत एकटा राहायचा आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. फोनच्या काचेत तो आगपेटीएवढा दिसे. ताईचा चष्मा, भाऊजींची मान आणि माझं नाक, सगळं त्या काचेवर एकदम आदळायचं. शेवटी त्यानेच घरी टीव्ही पाठवला, चांगला दाराएवढा. ‘आता मी तुम्हाला मोठा दिसेन,’ म्हणाला. कॉल त्या टीव्हीवर घ्यायचा कसा, हेही त्यानेच शिकवलं.

पहिल्या रविवारी तो भिंतीवर उगवला. पांढरा शर्ट, मागे पांढरी भिंत. ताई बघत राहिली. बोलणं संपल्यावर म्हणाली, हा पिवळा दिसतोय.

भाऊजी म्हणाले, नवे टीव्ही असेच येतात. दुकानात भडक दिसावेत म्हणून कंपन्या रंग चढवून पाठवतात. फोनच्या काचेतही तो थोडा पिवळाच दिसत होता, असं मी म्हटलं. त्यावर त्याच्या खोलीतला दिवा पिवळा असेल असं उत्तर आलं. दिवा पिवळा तर मागची भिंत पांढरी कशी, हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी तो जास्त पिवळा दिसला. भूक लागत नाही, दुपारी झोप येते, असं सांगत होता. पण काळजी करू नका, व्यायामाला जायला लागलोय, तिथला एकजण ताकदीची पावडर देतो, दोन महिन्यांत अंग भरेल, असंही म्हणाला. फोन बंद झाल्यावर ताई उठली, कपाटावरची बॅग खाली काढली आणि फडक्याने पुसायला लागली.

“मी जाऊन बघून येते,” ती म्हणाली.

भाऊजींनी तिला हरप्रकारे समजावलं. तो कामावर जाणार, ही दिवसभर एका खोलीत काय करणार, जवान मुलाच्या मागे आई लागली की मित्र हसतात, तुझे गुडघे ते जिने चढणार नाहीत. ताई मान डोलावत होती आणि घड्या घालत होती. माझी ताई भांडत नाही. ती हो म्हणते आणि आपलं काम करत राहते. शेवटी भाऊजींनी तडजोड काढली. आधी टीव्हीचे रंग नीट लावून घेऊ. टीव्ही नीट झाल्यावरही पोरगा पिवळा दिसला, तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो. ताईला हे पटलं. तिने बॅगेची चेन लावली नाही, फक्त झाकण खाली केलं.

रंग लावायची युक्तीही हलूनेच कळवली. फोनच्या कॅमेऱ्याने टीव्हीचे रंग मोजता येतात. भाऊजींना ते ऐकूनच मिरची झोंबली, पण पोराने सांगितलं म्हणून दुपारी पडदे ओढून बसले. टीव्हीच्या मधोमध फोनच्या आकाराची चौकट आली. फोन तिच्यासमोर वीतभर अंतरावर, तोंड टीव्हीकडे करून धरायचा. टीव्हीवर सूचना आली, स्थिर धरा. जन्मभर दुसऱ्यांना हलू नकोस म्हणणारा माणूस हात लांब करून श्वास रोखून उभा राहिला, आणि ताईला व मला हसू आवरेना. टीव्ही लाल झाला, मग हिरवा, मग निळा, मग करडा, मग लख्ख पांढरा. अख्खी खोली त्या त्या रंगात बुडून वर येत होती. शेवटी फोनने निकाल दिला. रंग योग्य आहेत, बदल करण्याची गरज नाही.

ताईचं हसू तिथेच मावळलं. “म्हणजे टीव्ही बरोबर आहे,” ती म्हणाली.

भाऊजींनी पुन्हा फोन धरला. पुन्हा तेच. त्यांनी काच पुसली, कॅमेरा पुसला, तिसऱ्यांदा धरला. पुन्हा तेच. तेव्हा मात्र ते खवळले. ह्याच फोनने त्यांचं दुकान खाल्लं होतं, आणि आता तोच त्यांना रंग शिकवायला निघाला होता. फोनने मोजलं काय, तर पांढरा. पांढरा मोजून काय करायचंय, जगात पांढरा माणूस कुणी पाहिलाय का, असं ते विचारायला लागले. आणि मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “ह्या डबड्याला हलू ठाऊक आहे का? मला ठाऊक आहे.”

यावर काय बोलणार? बापाने बापासारखं बोलावं आणि ते खोटंही नसावं, मग ऐकणाऱ्याची पंचाईत होते.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आपल्या पद्धतीने रंग लावला. हलू मागच्या सुट्टीत आला होता तेव्हाचा एक फोटो त्यांनी स्वतः शिष्योत्तमाच्या दुकानात बसून छापून घेतला होता. खिडकीच्या उजेडातला, गालावर तजेला असलेला. तो त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून टीव्हीच्या कडेला उभा केला. हलूचा कॉल आला, तो पडद्यावर उगवला, आणि भाऊजींनी आपला फोन उचलून दोन्ही हलू एकाच चौकटीत घेऊन फोटो काढला. फोनच्या काचेवर एक हलू गव्हाळ गुलाबी आणि शेजारी दुसरा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा. रिमोट माझ्या हातात दिला होता. भाऊजी सांगतील तसं मी मेनूत शिरून करायचं. पिवळा खाली. निळा वर. अजून. थोडा लाल. लाल फार झाला, मागे घे. प्रत्येक वेळी ते नवा फोटो काढायचे आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन दोन चेहरे ताडून बघायचे. कितीतरी वर्षांनी मी त्यांना असं कामात बुडालेलं पाहिलं. मान तिरकी, ओठ मुडपलेले, एक डोळा बारीक. खरं सांगायचं तर ते बघून मला बरं वाटलं.

हलू तिकडून हसत होता. बाबा, तुमचं काय चाललंय, मी काय पासपोर्टला बसलोय का, म्हणत होता. भाऊजी म्हणाले, हलू नकोस.

मग एक वेळ अशी आली की पडद्यावरचा आणि पुठ्ठ्यावरचा चेहरा जुळला. कुठला खरा आणि कुठला कागदाचा हे फोनवर कळेना. भाऊजींनी फोन ताईपुढे धरला. ताईने आधी फोन बघितला, मग टीव्ही, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. हलू एकदम सुट्टीत आल्यासारखा दिसत होता. फक्त त्याच्या मागची भिंत निळी झाली होती. ताई रडता रडता म्हणाली, त्याची भिंत बघा की हो. भाऊजी म्हणाले, भिंतीला कोण विचारतं?

संध्याकाळी ताईने बॅग रिकामी करून कपाटावर ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात सगळं जग जांभळं झालं. बातम्या देणारी बाई वांग्यासारखी दिसायला लागली. जाहिरातीतल्या दाताच्या डॉक्टरचा कोट आभाळी झाला. फुटबॉलच्या मैदानावर गवताच्या जागी निळी शाई सांडल्यासारखं दिसे आणि स्वयंपाकाच्या कार्यक्रमात अंडं फोडलं की त्यातला बलक जरासुद्धा पिवळा दिसत नसे. मी चेष्टा केली की भाऊजी म्हणायचे, ती बाई तुझ्या घरची आहे का? मग तिचा रंग कसला बघतेस? सवय वाईट असते. आठवड्याभरात आम्हाला ते जग तसंच वाटायला लागलं. शेजारीण टीव्ही बघायला आली आणि किंचाळली, तेव्हा आम्ही तिघंही तिच्याकडे ही काय बोलतेय अशा नजरेने बघत राहिलो.

आणि मग तो रविवार आला. त्या रविवारचं मी कितीही वेळा सांगितलं तरी मला त्यातून बाहेर पडता येत नाही.

हलूचा चेहरा तजेलदार दिसत होता, पण आवाज खोल गेला होता. ताईने विचारलं, जेवतोस का? त्याने विषय टाळला. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग तो पुढे वाकला. चेहरा पडदाभर झाला.

“आई, एक बघ ना,” तो म्हणाला. “ऑफिसातली एकजण म्हणते माझे डोळे पिवळे दिसतात. इथे आरशापाशी उजेड नाही, मला काही कळत नाही. उद्या सुट्टी टाकलीय, डॉक्टरकडे जाईन म्हणतो. बाबा, तुम्हाला दिसतात का पिवळे?”

ताई उठली. चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी जवळ गेली, इतकी की तिचं डोकं त्याच्या कपाळाच्या आड आलं. हलूने बोटाने खालची पापणी ओढून धरली. दोन्ही डोळे आम्ही तिघांनी नीट बघितले. पांढरेशुभ्र होते, निळ्याकडे झुकणारे, तान्ह्या मुलाचे असतात तसे.

“नाही रे बाळा,” ताई म्हणाली. “छान दिसतायत.”

भाऊजी मागून हसले. “बाप रंगाच्या धंद्यात होता म्हणावं तिला,” ते म्हणाले. “फर्स्ट क्लास आहेस. तिलाच चष्मा लागला असेल.”

हलूच्या चेहऱ्यावरचा ताण निघून गेला. हसून म्हणाला, मग सुट्टी कशाला वाया घालवू. त्याने पावडरचा डबाही दाखवला, निम्मा संपला होता.

त्याच्या पुढच्या रविवारी कॉल आला नाही. नेटवर्क नसेल असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, ताई कपडे वाळत घालत असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. हलूच्या ऑफिसातली ती मुलगी होती. तो बरळायला लागला, म्हणून त्यांनी त्याला इस्पितळात नेलं होतं. लवकर या, एवढं ती तीन वेळा म्हणाली.

कपाटावरची बॅग पुन्हा खाली आली. ह्या वेळी तिच्यात काय भरलं ते कुणालाच आठवत नाही. तिथे उघडली तेव्हा तिच्यात तीन टॉवेल आणि टीव्हीचा रिमोट निघाला.

इस्पितळाच्या त्या खोलीत सगळं पांढरं होतं. चादर, भिंत, नर्सचे बूट. आणि त्या पांढऱ्यावर आमचा हलू पडला होता, हळदीत लोळवल्यासारखा. गळा पिवळा, तळहात पिवळे, नखं पिवळी. अर्धवट उघड्या पापण्यांतून दिसणारे डोळे तर विचारूच नका. ताईने पहिल्या रविवारी पाहिला होता तोच हा रंग, वाढून वाढून इथवर आलेला. तो कमी करायला आता कुणाच्या हातात काही नव्हतं. ताई पायाशी उभी राहिली. भाऊजींनी एकदा वरच्या दिव्याकडे बघितलं. दिवा पांढरा होता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला मऊ होत्या. त्यांनी सांगितलं की त्या पावडरीने यकृत जळालंय, जवळजवळ सगळंच. मग वही उघडून नेहमीचे प्रश्न विचारायला लागल्या. दारू? नाही. आधी कधी कावीळ? नाही.

“पिवळेपणा घरच्यांच्या पहिल्यांदा कधी लक्षात आला?” त्यांनी विचारलं.

भाऊजी जमिनीकडे बघत होते.

“मला पहिल्या दिवशीच दिसला होता,” ताई म्हणाली. तिने भाऊजींकडे बघितलंसुद्धा नाही.

मग लगेच डॉक्टरकडे का नेलं नाही, पावडर थांबवली असती तर यकृत सावरतं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष द्यायचा हेतू नव्हता. पण त्यांना काय सांगणार? की पोरगा पिवळा दिसला म्हणून आम्ही टीव्ही दुरुस्त केला? बाईंनी वाट बघून वही मिटली.

बाहेरच्या बाकावर ती ऑफिसातली मुलगी बसली होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. आमच्या टीव्हीचं तिला काही ठाऊक नव्हतं, म्हणून बिचारी सांगून गेली. मी त्याला म्हटलं होतं हो, डोळे बघ म्हणून. तो म्हणाला, माझे बाबा रंगातले दर्दी आहेत, त्यांनाच विचारतो. दुसऱ्या दिवशी नाचत आला, म्हणाला बाबांनी पास केलं.

भाऊजी तिच्या शेजारी बाकावर बसले. बसले कसले, कोसळलेच. एवढा मोठा माणूस किती छोटा होतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण तो करायला समोर माणूसच उरला नव्हता.

हलू शुद्धीवर आला नाही. गेला तेव्हा सकाळ होती आणि खिडकीतून चांगला स्वच्छ उजेड येत होता, फोटोला लागतो तसा. भाऊजी त्याला नावाने हाका मारत राहिले. हलू, हलू. ते नाव कशावरून पडलं ते आठवलं आणि मला तिथे उभं राहवेना.

घरी परत आलो. लोक भेटायला येत, बसत, चहा पीत आणि जाताना विचारत, फोटो लावला नाही का? भाऊजींच्या घरात, म्हणजे ज्या माणसाने अर्ध्या गावाचे गेलेले लोक चौकटीत बसवून दिले त्याच्या घरात, मुलाचा फोटो भिंतीवर नव्हता. भाऊजींनी सुट्टीतला तो पुठ्ठ्यावरचा फोटो काढला. तजेलदार, खिडकीच्या उजेडातला. ताईपुढे धरला.

ताईने तो बाजूला सारला. भाऊजींचा फोन मागून घेतला आणि बोटाने मागे मागे जात राहिली. जांभळ्या जगातले गुलाबी हलू एकामागून एक सरकत गेले. अगदी शेवटी, म्हणजे सगळ्यात आधी काढलेला तो फोटो आला, रिमोटला हात लावण्यापूर्वीचा. एक हलू कागदाचा आणि शेजारी पडद्यावर पिवळा हलू, हसणारा.

“हा,” ती पिवळ्यावर बोट ठेवून म्हणाली. “एवढाच कापून घ्या. आणि आहे तसाच छापायचा. मला तो दिसला होता तसा.”

भाऊजी म्हणाले, अगं, येणारेजाणारे बघतील. ताई उठून आत गेली. ती भांडत नाही हे मी आधी सांगितलंच.

भाऊजींना एकट्याने जायचं धाडस होईना, म्हणून मी बरोबर गेले. शिष्योत्तमाने आम्हाला पाहताच खुर्ची पुढे केली आणि डोळे पुसले. फोनमधून फोटो कॉम्प्युटरवर घेतला. हलूला त्याने लहानपणी खांद्यावर खेळवलं होतं. चेहरा मोठा करून तो थोडा वेळ नुसता बघत राहिला आणि मग कामाला लागला. कागदाचा हलू कापून टाकला. कडा सरळ केल्या. आणि काही न विचारता, पहिल्या झटक्यात, पिवळा खाली ओढला. जन्मभर तेच शिकला होता. हां हां म्हणता हलूचे गाल गुलाबी झाले आणि मागची भिंत निळी पडली. त्याने वळून भाऊजींकडे बघितलं. शाबासकीची त्याला आयुष्यभराची सवय.

“मालक, आला बघा आपला हलू,” तो म्हणाला.

भाऊजी पडद्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता हो म्हणतील आणि हाच घरी घेऊन जातील. त्यांना तसं करावंसं वाटत होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मीही आडवी गेले नसते, ताईला काय सांगायचं ते वाटेत ठरवलं असतं.

“पिवळा परत घाल,” ते म्हणाले.

शिष्योत्तमाला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. त्याने थोडासा वर नेला.

“अजून.”

त्याने अजून नेला. मग थांबून, हलक्या आवाजात, कान धरल्यासारखं तोंड करून म्हणाला, “मालक, भिंत पांढरी झाली, पण चेहरा पार पिवळा पडतोय.”

“तो पिवळाच होता,” भाऊजी म्हणाले.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. भाऊजींनी खिशातून रुमाल काढला, पण तोंडाला लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला. शिष्योत्तमाने मान खाली घातली आणि छापायचं बटण दाबलं. यंत्र जुनंच होतं, भाऊजींच्या स्टुडिओतलं. कागद बाहेर यायला वेळ लावायचं.